वाऱ्याच्या तोंडावर नव्वद मैल
आमचं जहाज शिडाचं होतं. तीन डोलकाठ्यांचं, नव्या खलाशांना शिकवण्यासाठी ठेवलेलं. मी मुरबाडचा, सुकाणूवर होतो. भंडारी, म्हणजे जहाजाचा स्वयंपाकी, डोळखांबकडच्या एका पाड्यावरचा. आम्ही एकमेकांना गावाच्या नावानंच हाक मारायचो. गावाकडे त्याच्या पाड्यावरचं कुणी आमच्या ओसरीच्या आत आलेलं मी पाहिलं नव्हतं. जहाजावर सहा वर्षं मी त्याच्याच हातचं जेवत होतो.

त्या सफरीत मासेमारीचं जाळं पाण्याखालच्या पंख्यात अडकून इंजिन बंद पडलं. त्यानंतर भंडाऱ्याच्या पोटात उजव्या बाजूला दुखायला लागलं, ताप चढला. रेडिओवर डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आहे, ऑपरेशनच लागेल. हेलिकॉप्टर यायला तयार होतं, पण त्याच्या टप्प्यात शिरायला आम्हाला पूर्वेला नव्वद मैल कापायचे होते. आणि वारा पूर्वेचाच.

वाऱ्याच्या तोंडावर शिडाचं जहाज सरळ चालत नाही. थोडं उत्तरेला तिरपं जायचं, मग दक्षिणेला तिरपं. प्रत्येक वळणाला सगळ्यांनी दोर ओढून शिडांच्या आडव्या काठ्या फिरवायच्या. तळहात सोलून निघाले. त्यात आम्ही उत्तरेला वळलो की वाराही उत्तरेकडे सरके, दक्षिणेला वळलो की दक्षिणेकडे.

पाळी संपली की मी त्याच्याकडे जायचो.

"काय मुरबाड, किती ऱ्हायलं?"

"एक्याऐंशी."

"आन् चाललो किती?"

"चोपन्न."

पोट धरून तो हसला. "म्हंजे मुरबाडचा जीपवालाच की रे हा! शिटा भरंपर्यंत गावातल्या गावात घिरट्या."

कप्तानानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, त्याला आकडे सांगू नकोस. पण तो विचारत होता, आणि मला खोटा आकडा सांगता येत नाही.

संध्याकाळी वादळी झोत आला. शिडं उतरवावी लागली आणि जहाज मागे ढकललं गेलं.

"किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

तो भिंतीकडे वळला. "आता नको सांगू रे."

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला, थेट पाठीमागून आला. सगळी शिडं भरली. इतक्या वेगात ते जहाज मी कधी हाकलं नव्हतं. पाळी सुटल्यावर मी खाली धावलो. त्यानं विचारलं नव्हतं, तरी सांगितलं, "चौतीस." त्याचे डोळे उघडे होते. अंग अजून गरम होतं.

त्याला त्याच्याच भाजीच्या थंड कोठीत ठेवलं. बंदर येईपर्यंत कोठीतलं कुणी काही खाल्लं नाही.

पुढे त्याचं सामान घेऊन मी पाड्यावर गेलो. त्याच्या आईनं ट्रंक उघडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "किती ऱ्हायला व्हता रं दवाखाना?"

"आणखी चौतीस मैल गेलो असतो, तर हेलिकॉप्टरनं उचललं असतं."

"म्हंजे किती लांब?"

समुद्रातला मैल मोठा असतो. मी मनात किलोमीटर केले. "इथून कल्याण, काकी. साधारण तेवढंच."

"कल्याण?" ती म्हणाली. "तिथवर तं आमी अडलेली बाई नेतो, जीपमंदी."