शिरपूर, पोखरा आणि खोली नंबर अकरा

मिलमध्ये किस्से चिंध्यांसारखे साठतात. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पायात पुन्हा आहेतच! नव्वदच्या दशकात मी गुजराती मुलखात, पर्वत पाटियाजवळच्या एका मिलमध्ये डिझाइन ट्रेस करायचे. तिथं साड्या आणि शर्टपीस छापत. माझे लाडके किस्से मात्र दोघांचेच. भामरे आमचा डिझायनर, शिरपूरचा. दिलबहादूर रंग कालवणारा, नेपाळातल्या पोखऱ्याचा. मिलच्या चाळीत, खोली नंबर अकरामध्ये, दोघं सहा वर्षं राहत होते. नवराबायको राहतात तसेच. भामऱ्यानं हे मला एकदा सरळ सांगून टाकलं, आणि मीही सरळ त्याच्या कपात चहा ओतला.

*

एकदा जेवणाच्या सुट्टीत मॅनेजर जितुभाई पेपरात दोन पुरुषांच्या संसाराची बातमी वाचता वाचता म्हणाले, "आवा लोको माटे तो जेलनी कलम छे!"

भामरे डब्यातून मान वर न करता म्हणाला, "ते कलम आपलं नाही जितुभाई. इंग्रज मागे ठेवून गेले."

जितुभाई दिलबहादूरकडे वळले. "तो तमारे नेपाळमां सारुं हशे! त्यां अंग्रेजनुं राज ज नहोतुं."

दिलबहादूरनं भाताचा घास हातातच थांबवला. "कानून तो वहाँ भी है साहब. हमने खुद बनाया!"

*

एका रविवारी आम्ही चौघं डुमसच्या समुद्रावर गेलो, मी, माझे मिस्टर आणि ते दोघं. वाळूत चप्पल रुतली म्हणून मिस्टरांनी माझा हात धरला. लगेच हवालदार हजर! "ए, आ बधुं घरे करवानुं!" मी मंगळसूत्र काढून दाखवलं तेव्हा कुठे सुटका झाली.

आमच्या पुढे भामरे आणि दिलबहादूर खुशाल हातात हात घालून चाललेले. हवालदारानं त्यांना फक्त किती वाजले ते विचारलं! मिस्टर घरी येईपर्यंत धुमसत होते.

दिलबहादूर म्हणाला, "हमारे उधर भी यही है, भाभी. दो आदमी हाथ पकड़ें तो दोस्त. बस, नाम मत बताओ."

भामरे हसला नाही. "मी एक दिवस सांगणार," म्हणाला.

*

शिरपूरहून भामऱ्याची आई मुलीचा फोटो घेऊन आली. आठ दिवस दिलबहादूरच्या हातचं जेवली. जाताना त्यालाच समजावू लागली, "भाऊ, पहिले तू लगीन करी ले. मंग मना पोऱ्या बी करी."

त्याच महिन्यात पोखऱ्याहून दिलबहादूरच्या आईचं पत्र आलं. आधी तुझ्या मित्राचं होऊ दे, त्याला बघून तुलाही सुचेल!

दोन देशांतल्या दोन आयांनी असं एकमेकींच्या पोरावर ढकललं आणि दोघंही सुटले. मला हसू यायचं, आणि त्या दोघी वाट बघत बसल्यात हे आठवून वाईटही वाटायचं.

*

मग मालकांचा हुकूम आला. दिवाळीनंतर चाळीतल्या खोल्या फक्त फॅमिलीवाल्यांना. एकट्या पुरुषांनी लांब कामरेजला, मिलच्या सामायिक हॉलमध्ये जायचं, एका खाटेवर दोघं, पाळीपाळीनं. भामऱ्याची दिवसपाळी, दिलबहादूरची तेव्हा रातपाळी. म्हणजे खाट एक, पण गाठभेट नाही!

दिलबहादूर म्हणाला, "चलो, नेपाल चलते हैं."

"तिथं आपल्याला फॅमिली म्हणून खोली देतील?"

"नहीं."

"मग इथंच भांडू," भामरे म्हणाला आणि पुन्हा डिझाइनवर वाकला.

*

आता फॅमिलीवाला कोण, हे ठरायचं साडीच्या यादीवरून. दर दिवाळीला मिल प्रत्येकाच्या बायकोसाठी एक साडी द्यायची. यादीत नाव असेल त्यालाच साडी, आणि त्यालाच खोली. त्यात आम्हा मराठी मंडळींचा जुना हट्ट होता, उखाण्यात बायकोचं नाव घेतल्याशिवाय साडीला हात लावायचा नाही! दरवर्षी ऐकून ऐकून जितुभाईंनाही उखाणे समजायला लागले होते.

त्या वर्षी सगळी मिल अंगणात जमली होती. रांगेत शेवटी भामरे येऊन उभा राहिला, नवीन शर्ट घालून. खोली तर जाणारच होती, आता नोकरीही जायची!

जितुभाईंनी यादी पाहिली. "भामरे, तमारुं नाम नथी."

"माहीत आहे," भामरे म्हणाला आणि सगळ्यांकडे तोंड करून खणखणीत आवाजात सुरू झाला,

"शिरपूरची भाकरी, पोखऱ्याचा चहा,
दिलबहादूरचं नाव घेतो, कोण अडवतो पाहा!"

मी टाळी वाजवली. एकटीची टाळी फार मोठ्यानं ऐकू येते हो! मी वाजवतच राहिले. मग मागून कुणीतरी दुसरी वाजवली, मग तिसरी.

जितुभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पेनचं टोपण उघडलं. यादीच्या तळाशी काहीतरी लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "साडी के शर्टपीस?"

"शर्टपीस," भामरे म्हणाला. "निळा."

एवढ्यात गर्दीच्या मागून दिलबहादूर जीव खाऊन ओरडला, "नीला मत लेना! मैंने बनाया है, कच्चा है!"