वहीतला छत्तीस

टेलरबाई बोलायला फटकळ. कापड कमी आणलं तर "यात तुझ्या मांजराचं झबलं होईल" असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची. पण गळ्यातली टेप हातात आली की बाईच्या तोंडाला कुलूप. माप ती कधी मोठ्यानं बोलली नाही. अकरा-बारा वर्षांची असताना एका टेलरनं तिच्या कमरेचा आकडा भरल्या दुकानात ओरडून सांगितला होता आणि बाकावरची माणसं खो खो हसली होती. स्वतःचं मशीन घेतलं त्याच दिवशी तिनं ठरवलं, आकडा टेपवरून डोळ्यात आणि डोळ्यातून वहीत. जिचं माप तिच्याही कानावर नाही.

शाळेच्या गणवेशाचं काम वीस वर्षं तिच्याकडेच. वाढत्या अंगाच्या पोरी, म्हणून कमरेला ती आपल्या मनानं दोन इंच वाढवायची आणि वहीत तो वाढवलेलाच आकडा लिहायची. या वहीला तिच्याखेरीज एकटीच हात लावायची, तिची चौदा वर्षांची लेक मुंगी. कापलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम तिचं. खुद्द मुंगीला मात्र बाईनं जन्मात टेप लावली नव्हती. "पोटच्या पोरीला टेप कशाला? डोळ्याला दिसतं की," म्हणायची आणि उरलेल्या तुकड्यांचा रंगीबेरंगी सदरा असा बेतायची की पोरीच्या अंगावर तो चोख बसायचा.

एका दुपारी बेकरीवाली दुकानात शिरली. हाताचं पीठही धुतलेलं नाही. मागे तिची पोर, मान खाली घालून. बेकरीवालीनं मोबाइल कापडावर आपटला.

"वाचा, टेलरबाई."

शाळेतल्या पोरींचा ग्रुप. बेकरीवालीच्या पोरीचा पाठमोरा फोटो, खाली लिहिलेलं, 'छत्तीस आली, पाव लपवा.' त्याखाली हसऱ्या तोंडांची ही लांबलचक रांग.

"आठ दिवस झाले, पोर शाळेत जात नाही. नाव विसरले सगळे, छत्तीस म्हणतात हिला. हिच्या कमरेचा आकडा तुमच्याशिवाय कुणाकडे असणार?"

"माझ्या दुकानातून आकडा बाहेर जात नाही," बाई ठासून म्हणाली. "कुणीतरी उगाच ठोकून दिलाय. थांबा, तुम्हाला दाखवतेच."

तिनं पोरीला पडद्याआड नेलं, कमरेला टेप लावली आणि न बोलता आईला आत बोलावून दाखवली. चौतीस. बेकरीवाली वरमली. "मग कुठून काढला मेल्यांनी?" म्हणत पोरीला घेऊन गेली.

टेप पुन्हा गळ्यात टाकताना बाईचा हात थांबला. तिनं वही उघडली. कंबर, छत्तीस. चौतिसात दोन तिनंच घातलेले. हा छत्तीस त्या पोरीच्या अंगावर नव्हताच, तो फक्त या पानावर होता.

मुंगी शाळेतून आली, तेव्हा वही उघडीच होती.

"हे ग्रुपवर कुणी दिलं?"

"कुठल्या ग्रुपवर?"

"मुंगे."

पोरीनं दप्तर खाली ठेवलं. "मी नुसता आकडा दिला. नाव त्यांनी पाडलं."

"तिनं तुझं काय घोडं मारलं होतं?"

"काहीच नाही. आधी मला चिंधी म्हणायच्या. तुकड्यांचे कपडे घालते म्हणून. माझेही फोटो टाकायच्या. मग म्हणाल्या, आईच्या वहीतलं काहीतरी आण, तुला सोडतो. आता मधल्या सुट्टीत जवळ बसवतात."

"या हसणाऱ्यांत तू आहेस?"

"तिसरी. पहिली हसले असते तर आकडा मीच दिला हे सगळ्यांना कळलं असतं. हसलेच नसते, तर परत चिंधी."

"मला का नाही सांगितलंस?"

"शिवत तूच होतीस ना ते."

बाईचा हात उठला होता. तो तिनं मशीनच्या चाकावर ठेवला. "चप्पल घाल," म्हणाली.

बेकरीत चार गिऱ्हाइकं होती, त्यात मुंगीच्या वर्गातलीही एक. बाई सरळ काउंटरपाशी गेली. "मघाशी मी छातीठोकपणे बोलले, ते चुकलं. आकडा माझ्याच वहीतून गेलाय. कसा गेला ते ही सांगेल." आणि लेकीला पुढं केलं.

मुंगीनं वर्गातल्या त्या पोरीकडे पाहिलं. तिच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं.

"आईनंच सांगितला," मुंगी म्हणाली. "घरी सगळ्यांचे आकडे सांगते आणि हसते."

बाईला आधी वाटलं, ही दुसऱ्याच कुणाच्या आईबद्दल बोलतेय.

"वा, टेलरबाई!" बेकरीवाली कडाडली. "आणि वर टेप लावून मलाच शहाणपण शिकवलंत!"

"खोटं बोलतेय ती." आवाज पावाच्या ट्रेंमागून आला. आठ दिवस घरात बसलेली पोर बाहेर येऊन उभी राहिली. "मावशी आकडा बोलतच नाहीत. मघाशीसुद्धा आईला नुसती टेप दाखवली. हसणाऱ्यांत तिसरं नाव हिचं आहे. मी रोज वाचते ती यादी."

मुंगी पायांकडे बघत राहिली. बाईनं बेकरीवालीपुढं हात जोडले. लेकीला चल म्हणाली नाही, एकटीच चालू लागली. मुंगी बरीच मागून आली.

बेकरीवालीनं पुढचा गणवेश दुसरीकडे टाकला. महिन्याभरानं मुंगीनं नवा सदरा मागितला, अख्ख्या कापडाचा. बाईनं ताग्यातून कापड फाडलं आणि गळ्यातली टेप काढली.

"अगं, मला कशाला टेप?"

"हात वर कर. डोळ्यानं चुकतं माझ्या."

तिनं माप घेतलं, पोरीकडे पाठ करून वहीत लिहिलं आणि खणाला कुलूप लावलं.