बेचाळीस ग्रॅमचा छटाक

काटेताईंचे मेहुणे पिंजरा हातात धरून त्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभे होते. पिंजऱ्यात हॅमस्टर होता. भाचीनं हट्टानं आणलेला, आणि त्याच्यामुळे तिलाच शिंका येऊ लागल्या होत्या. प्राण्यांचा दुकानदार परत घेईना, म्हणून मेहुणे त्याला बागेत सोडायला निघाले होते.

"मोकळ्या हवेत मजेत राहील," ते म्हणाले.

"मांजरं मजेत राहतील," काटेताई म्हणाल्या. "ठेवा इथं."

"ताई, तुम्ही? तुम्ही आजवर घरात माशी टिकू दिली नाहीत."

"म्हणूनच जागा रिकामी आहे. ठेवा."

काटेताईंचं खरं नाव बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं. वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान चालवतात म्हणून काटेताई, असं काहींचं म्हणणं; जिभेला काटे आहेत म्हणून, असं उरलेल्यांचं. दोन्ही खरं होतं. वडील गेले तेव्हा 'बाईमाणसाला हे झेपायचं नाही, दुकान भाड्यानं देऊन टाक' असं सांगायला अर्धी गल्ली आली होती. ताईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शटर वर केलं. एका धान्यवाल्यानं त्याचा काटा किलोमागे थोडा 'सांभाळून घ्या' असं सुचवलं, तेव्हा त्यांनी तो काटा त्याच्यादेखत बरोबर केला आणि वर सील ठोकलं. दुकान हाती घेतल्याला आता तेवीस वर्षं झाली. लग्न केलं नाही. दुकानाच्या वरच्या खोलीत त्या एकट्या राहत आणि कुणी कीव करायला आलं की त्याला बसायला खुर्ची देत नसत.

पण वजनकाटा वेगळा आणि जीव वेगळा. पहिल्या आठवड्यात जे चुकण्यासारखं होतं ते सगळं चुकलं.

सोबत होईल म्हणून पिंजरा त्यांनी दुकानातच टेबलावर ठेवला. दिवसभर कानस, हातोडी, गिऱ्हाइकांची बडबड. हॅमस्टर दिवसा झोपतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी लाडानं बोट आत घातलं आणि त्यानं झोपेतून दचकून ते कडकडून चावलं. वास येतो म्हणून कोमट पाण्यानं आंघोळ घातली, तर बिचारा तासभर थरथरत बसला. मऊ गादी हवी म्हणून कापूस घातला, तर त्याचा धागा मागच्या पायाला गुंडाळला गेला. भिंगाखाली धरून, चिमट्यानं तो धागा सोडवताना ताईंना घाम फुटला.

"माझंच चुकतंय," त्या बहिणीला फोनवर म्हणाल्या.

हे वाक्य बहिणीनं जन्मात त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिनं घाबरून आधी ताईंचीच तब्येत विचारली.

मग मात्र ताई इरेला पेटल्या. मिळेल तिथून वाचलं. पिंजरा वर खोलीत नेला. तो पिंजरा मुळात खेळण्यातला असावा इतका लहान आहे हे कळल्यावर त्यांनी वडिलांच्या प्रमाणपत्रांचं काचेचं कपाट रिकामं केलं, आडवं पाडलं आणि वर जाळी ठोकली. आत वीतभर जाडीचा कागदाचा चुरा, अंग घोळवायला वाळूची वाटी, पाय अडकू नये असं सलग पट्टीचं चाक.

"बाबांचं कपाट!" मेहुणे ओरडले.

"बाबांनी कपाट काहीतरी ठेवण्यासाठीच घेतलं होतं. आता त्यात ठेवलंय."

अंगाला हात लावू द्यायला हॅमस्टरनं पंधरा दिवस घेतले. ताई रोज संध्याकाळी दुकान बंद करून वर येत आणि तळहातावर भोपळ्याची एक बी ठेवून बसून राहत. बोलत नसत. एका संध्याकाळी तो हातावर चढला, बी गालात कोंबली आणि निघून गेला. ताईंनी तो हात बराच वेळ तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला स्टीलच्या वाटीत बसवून सराफी काट्यावर ठेवलं. वाटीचं वजन वजा जाता बेचाळीस ग्रॅम; जुना छटाक अठ्ठावन्नचा.

"छटाकसुद्धा भरत नाहीस रे," त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्याचं नाव छटाक.

रोजच वजन करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. ती त्यांच्या हाताची सवय. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात त्या आकडा लिहीत. चार महिने बेचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस. मग एकेचाळीस. मग एकोणचाळीस. पंधरा दिवसांत छत्तीस. छटाक तसाच पळत होता, चाक तसंच फिरत होतं. पण बी उचलायचा, फिरवून फिरवून पाहायचा आणि टाकून द्यायचा.

रविवारी बहीण आणि मेहुणे आले तेव्हा ताईंनी कॅलेंडर दाखवलं.

"पाच-सहा ग्रॅमनं काय होतंय, ताई?" मेहुणे हसले. "तुम्ही फार करता."

"तुमचं वजन किती?"

"सत्तर."

"याचा सातवा हिस्सा गेलाय. तुमचा गेला तर दहा किलो. पंधरा दिवसांत दहा किलो उतरलात, तर माझी बहीण तुम्हाला अशा गप्पा मारत बसू देईल का?"

मेहुण्यांनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "नाही देणार."

सोमवारी ताईंनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि छटाकला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेल्या. बाकावर दोन मोठे कुत्रे आणि एक गुरगुरणारं मांजर होतं. ताई मांडीवरच्या डब्यावर शाल टाकून ताठ बसल्या. एका कुत्र्याची मालकीण कौतुकानं शालीखाली डोकावली आणि "अगंबाई, उंदीर!" म्हणून मागे सरली.

"हॅमस्टर," ताई म्हणाल्या. "आणि तुमचा कुत्रा माझ्या चपलेवर बसलाय."

डॉक्टर तरुण होते आणि दमलेले होते. "असले प्राणी इथं कुणी आणत नाही हो," ते म्हणाले. "चपळ दिसतोय की. काय होतंय त्याला?"

"वजन उतरतंय."

डॉक्टरांनी डबा बाजूला करून छटाकला टेबलावरच्या काट्यावर ठेवलं. तो काटा कुत्र्यांसाठी. आकडा आला शून्य.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले.

"काय बघू? तुमच्या काट्याला तो दिसतच नाही. म्हणून तो नाही असं थोडंच आहे?" ताईंनी पिशवीतून स्वतःचा काटा काढला, टेबलावर नीट टेकवला, वाटी ठेवली, छटाकला आत बसवलं. "पस्तीस. काल छत्तीस होता."

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. "मावशी, रागावू नका, पण माझ्या फीपेक्षा नवीन हॅमस्टर स्वस्त पडेल."

ताईंनी छटाकला वाटीतून उचलून तळहातावर घेतलं.

"डॉक्टर, मी नवा विकत घ्यायला आलेले नाही. याचं तोंड उघडून बघा. बी धरतो आणि टाकतो. न बघता परत पाठवलंत तर उद्या येईन, परवा येईन. माझं दुकान दोन गल्ल्या पलीकडेच आहे आणि मला बाकावर बसायचा कंटाळा नाही."

डॉक्टरांनी टॉर्च घेतला. ताईंनी छटाकच्या मानेमागची सैल कातडी दोन बोटांत धरली. डॉक्टरांनी बारीक ओठ मागे सारले आणि ते थांबले. खालचे दोन दात कोयत्यासारखे वळून वरच्या टाळूला टेकले होते.

"खाणार कसा हा," ते हळूच म्हणाले. मग ताईंकडे पाहून म्हणाले, "कापावे लागतील. एवढ्या लहान जिवाचे मी कधी कापलेले नाहीत. नखं कापतात तसे कापले तर दात उभा चिरतो, घासूनच काढावे लागतील. हातात दगावला तर?"

"तर बोल लावणार नाही. पण त्याला धरणार मीच."

"तुमचा हात हलला तर?"

"केसाएवढ्या स्प्रिंगा बसवते मी. तुमचा सांभाळा."

पाच मिनिटांचं काम. छोटी चकती सूं करत फिरली, दाताची पांढरी भुकटी ताईंच्या अंगठ्यावर पडली. छटाकचं हृदय त्यांच्या बोटाखाली इतकं जोरात चाललं होतं की एकेक ठोका मोजता येईना. ताईंचा हात हलला नाही. रस्त्यावर आल्यावर मात्र त्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि शाल सारून डब्यात पाहत राहिल्या.

पुढचे चार दिवस त्यांनी त्याचा खाऊ पाण्यात भिजवून, चमच्याच्या पाठीनं रगडून, बोटावर घेऊन भरवला. पस्तीस. पस्तीस. छत्तीस. आठवड्यानं अडतीस. चाळीसचा आकडा लिहिताना पेन चौकोनाबाहेर गेलं.

दात पुन्हा वाढणार होते. दर तीन आठवड्यांनी जावं लागणार होतं, आणि ताई जात राहिल्या. बाकावर लोक हसत, कुजबुजत. ताई मान वळवून नीट पाहत आणि लोक भिंतीवरचे तक्ते वाचू लागत. तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "मावशी, तुमच्यासारखा बारीक काटा मलाही एक लागेल." ताईंनी तो आणून दिला आणि वापरायचं कसं ते दोनदा समजावलं, कारण पहिल्यांदा डॉक्टरांनी मान नुसतीच हलवली होती.

एकदा जेवताना मेहुण्यांनी पुन्हा विषय काढलाच. "ताई, या प्राण्याचं सगळं आयुष्यच दोन वर्षांचं. त्यातलं एक तर गेलंसुद्धा. एवढा आटापिटा कशाला?"

"एकच उरलंय, म्हणून तर," ताई म्हणाल्या. "तेवढंही उपाशी काढायला लावू?"

भाचीनं नाकाला रुमाल बांधूनच टाळ्या वाजवल्या.

छटाक आणखी चौदा महिने जगला. शेवटी वजन परत उतरायला लागलं तेव्हा दात ठीक होते. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं, नव्या काट्यावर दोनदा ठेवलं आणि म्हणाले, "मावशी, आता हे वय आहे." ताईंनी वाद घातला नाही. एका सकाळी तो कागदाच्या चुऱ्यात गोळा होऊन पडलेला सापडला, गालात एक बी तशीच.

त्या दिवशी शटर वर गेलं नाही. त्यावर कागद चिकटवला होता: 'दुःखद घटनेमुळे दुकान आज बंद.'

अकराच्या सुमाराला कोपऱ्यावरचे सराफ काटा काखेत मारून आले आणि वरच्या खोलीच्या दारावर थाप मारली. "ताई, कोण गेलं हो?"

"माझा हॅमस्टर."

सराफांना आधी कळलं नाही. मग कळलं. "त्यासाठी दुकान बंद? अहो, बाजार हसेल!"

"हसू दे. उद्या आठला उघडेन."

"माझा काटा अडलाय. आजच..."

"उद्या," म्हणून ताईंनी दार लावून घेतलं.

दुपारी बहीण डबा घेऊन आली. मागे मेहुणे. त्यांनी ताईंकडे पाहिलं. मग न सांगता कपाटाजवळ जाऊन आतलं चाक काढून धुवायला घेतलं. तिघं जेवली.

संध्याकाळी त्यांना निरोप द्यायला ताई खाली आल्या, तेव्हा शटरवरच्या कागदाखाली कुणीतरी पेननं लिहिलं होतं: 'उंदरासाठी!!'

मेहुणे कागद फाडायला पुढे झाले. ताईंनी त्यांचा हात धरला, त्यांच्याच खिशातलं पेन काढलं, 'उंदरासाठी' वर एक सरळ रेघ मारली आणि खाली ठळक लिहिलं: 'छटाकसाठी.'

सकाळी आठला दुकान उघडलं. तो कागद त्यांनी काढला नाही. शटरवरून उतरवून काउंटरच्या काचेवर, गिऱ्हाइकाला नेमका समोर दिसेल असा, आठवडाभर लावून ठेवला.