ना चितळांत, ना झेब्र्यांत

धर्माकाका गेल्याचं त्यांच्या सुनेनं, सुनंदानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात होते. "मॅडम, बाबा गेले. शेवटी शेवटी तुमचं नाव घेत होते," ती म्हणाली. मला वाईट वाटलं. नुसतं दुःख म्हणावं, तर तेवढंच नव्हतं... ते माझं नाव कशासाठी घेत असतील, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पंचवीसेक वर्षांपूर्वी तळोज्यापलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक खासगी सफारी पार्क होतं. आता तिथे गोदामं आहेत. मी तिथे कारकून, आणि करावे गावचे धर्माकाका मोठ्या आवाराचे राखणदार. त्या एकाच आवारात झेब्रे, शहामृग, नीलगायी आणि चितळं एकत्र सोडलेली असत. बसमधली माणसं म्हणायची, "किती गुण्यागोविंदानं राहतात!" काका मिशीत हसायचे. "चाळीत राहतात तशी राहतात, मॅडम. पान्यावरनं रोजचं भांडन हाय."

त्यांतली एक चितळ मादी झेब्र्यांत वाढलेली. आई मेली, कळपानं तिला घेतलं नाही, पण एका म्हाताऱ्या झेब्रा मादीनं तिला शेजारी उभं राहू दिलं. मग ती त्यांच्याच रांगेत पाणी प्यायची. चितळं धोक्याची हाक देत तेव्हा ही मान वर करत नसे. झेब्रे थबकले, की थबके. तिच्याकडे पाहताना मला उगाच कसंतरी व्हायचं. चितळाच्या डोळ्यांतून दुसरंच कुणी बघतंय, असं वाटायचं.

पार्क बंद पडलं तेव्हा जनावरं जातवार गाड्यांत भरली. चितळं भरणाऱ्यांना वाटलं, ती झेब्र्यांबरोबर जाईल. झेब्रे भरणाऱ्यांना वाटलं, चितळ आहे, चितळांत जाईल. मी यादीत दोन्हीकडे 'सर्व रवाना' लिहून मोकळी झाले. संध्याकाळी काका टेबलाशी आले. "मॅडम, ती राहिली हाय. झेब्रे उभे राहायचे ना, तितंच एकटी उभी हाय."

मला घरी जायची घाई. उद्यापासून नोकरी नाही, हे टेन्शन वेगळंच. "काका, भास झाला असेल तुम्हाला. यादी वर गेली. आपल्या प्रतीवर सही करा." त्यांनी माझ्याकडे न बघता सही केली. पुढे भेटले की ख्यालीखुशाली विचारायचे, पण तिचा विषय कधी काढला नाही. त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दहाव्याला मी करावेच्या खाडीकाठी गेले. पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. भिंतीवर ओळीनं बसलेले सगळे, खाली एकही येईना. मुलगा म्हणाला, "बाबा, नातीचं लगीन थाटात करू." सुनंदा म्हणाली, "आईंना नीट सांभाळू." कावळे ढिम्म. ऊन चढलं, भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. मग मी पुढे झाले आणि सगळ्यांदेखत बोलले, "काका, तुमचं खरं होतं. ती राहिली आणि मी खोटं लिहिलं. मी जाऊन बघेन तिला."

बोलणं संपायच्या आत कावळा उतरला. सगळ्यांनी हुश्श केलं. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं नाही. इतकी वर्षं 'भास असेल' म्हणून मी मनाची समजूत घालत होते, ती सोयही गेली.

पुढच्या रविवारी भर दुपारी कोबीचा पाला घेऊन गोदामांपाशी गेले. चितळ किती वर्षं जगतं ते मला माहीत आहे. ती आता असणं शक्य नाही. फाटकावरच्या वॉचमननं पिशवीकडे पाहिलं.

"त्या काकांच्या घरच्या का? ते पण दर रविवारी मागच्या कुंपणाशी पाला टाकून जायचे."

"खातं कोण?"

"ते नाय बघितलं. पण काका तिकडे उभे राहिले की आमची कुत्री गप व्हायची. सगळीच्या सगळी."

मागे रान माजलंय. कुत्री भुंकत होती. मी पाला ठेवून उभी राहिले... आणि भुंकणं एकाएकी थांबलं. वारा नव्हता, तरी पाठीमागचं गवत हललं. "चुकलं गं माझं," एवढंच तोंडातून निघालं.

आता दर रविवारी जाते. वळून बघायचं धाडस अजून एकदाही झालेलं नाही.