भिंतीवरच्या मुकादमाचे पाय

चित्र कसं पाहावं हे मी उभी हयात पोरांना शिकवलं. तीन पावलं मागं सरायचं, हात लांब करायचा, पेन्सिल धरायची, एक डोळा मिटायचा आणि मापं घ्यायची. हे शिकवणारा मास्तर एका भिंतीसमोर कसा आंधळा निघाला, ते आता सांगून टाकतो. आता कोण माझं काय वाकडं करणार? तेव्हा मात्र करू शकत होते.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. मुरूम शहराकडच्या आमच्या गावात सोसायटीची नवी इमारत उभी राहिली होती आणि उद्घाटनाला मंत्री यायचे होते. हॉलच्या मोठ्या भिंतीवर गावाचं चित्र काढायचं काम बौद्ध वस्तीतल्या एका पेंटरला दिलं होतं. एरवी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्या वर्षी पाट्या कोण रंगवून घेणार? म्हणून बायकोबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होता. भिंत मिळाली तेव्हा त्यानं तीच खडी काढली.

चित्र पुरं झाल्यावर संचालक मंडळानं मला जाणकार म्हणून बोलावलं. पंचक्रोशीत चित्रकलेचा सर्टिफिकेटवाला मास्तर मी एकटाच. शिवाय सोसायटीचे चेअरमन तेच आमच्या शाळेचे अध्यक्ष, आणि मी अजून नोकरीत कायम झालेलो नव्हतो.

चित्रात खडीचे ढीग होते, ढिगांमध्ये बसलेल्या बाया होत्या आणि मधोमध मुकादम उभा होता. पायताणं ही एवढाली, वर जाईल तसा माणूस बारीक होत गेलेला, आणि छताला टेकलेलं डोकं लिंबाएवढं. ढिगांच्या वर आभाळाची नुसती चिंधी उरली होती.

चेअरमनना ते चित्र नको होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मंत्र्यांपुढं खडी नको, आणि कामावरचा मुकादम त्यांचा सख्खा पुतण्या. पण हे तोंडानं कसं म्हणायचं? ते मला म्हणाले, "तुमीच सांगा मास्तर. तुमी शिकलेले. हे बरुबर हाय का?"

मला विचारलं याचाच मला कोण आनंद! मी मागं सरलो, खिशातली पेन्सिल काढली, डोळा मिटला. म्हणालो, "क्षितिजरेषा फार खाली गेलीय. पाय डोक्याच्या कितीतरी पट. प्रमाण सपशेल चुकलंय." क्षितिजरेषा जन्मापासून ओळखीची असल्यासारख्या सगळ्या संचालकांनी माना डोलावल्या.

पेंटर दारापाशी उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, "सर, म्या ते बसून बघितलंय. तुमी बी येकदा बसून बघा."

सगळे हसले. मीही हसलो. माझी टेरिकॉटची नवी पँट होती आणि फरशीवर चुना सांडलेला होता. मी बसलो नाही. चित्र सदोष आहे, तेव्हा सोमवारच्या मीटिंगमध्ये ठराव करून त्यावर चुना मारायचा, असं ठरलं.

त्याच आठवड्यात आम्हा मास्तरांना दुष्काळी कामावर सरकारी सुकडीचा खाऊ वाटायला पाठवलं. खडी फोडणाऱ्या एका म्हातारीला उठवेना, म्हणून तिच्या पदरात सुकडी घालायला मी खाली बसलो. तेवढ्यात वरून आवाज आला, "ए म्हातारे, हात चालीव." मी मान वर केली. आधी पायताणं दिसली, मग पोटऱ्या, आणि कुठंतरी लांब वर उन्हात एवढंसं डोकं. त्याच्या मागं खडीचे ढीग आणि आभाळाची चिंधी. सगळं जिथल्या तिथं होतं. बघणाऱ्याचा डोळा जिथं, तिथं क्षितिजरेषा, हे मी आठवीच्या पोरांकडून घोकून घेत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी पेंटरच्या घरी गेलो. त्यानं बसायला पोतं टाकलं. मी म्हणालो, "चूक माझी आहे. चित्र बरोबर आहे."

तो म्हणाला, "तसं लिहून द्या सर, सोमवारच्या आत. तुमच्या शब्दानं चाललंय, तुमच्याच शब्दानं ऱ्हाईल."

"देतो," मी म्हणालो.

रविवारी दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. अडाणीपणानं चुकलो होतो तोवर ठीक होतं. आता तर सगळं उमजलेलं होतं, आणि तरी हात चालत नव्हता. मला घरातल्या कुणी अडवलं नाही, कुणी धमकावलंही नाही. भीती माझी मीच पोसलेली. सोमवारी पोट दुखतंय म्हणून पडून राहिलो आणि मंगळवारी भिंत पांढरी झाली.

नवं चित्रही त्याच पेंटरनं काढलं. त्या साली हातचं काम कोण सोडणार? कालवा, हिरवागार ऊस, ट्रॅक्टर, धष्टपुष्ट बैल. गावात त्यातलं काहीही नव्हतं. चेअरमननी मला पुन्हा बोलावलं आणि तपासून दाखला द्यायला सांगितलं.

पेंटर बाजूला सरला. "बघा सर," तो म्हणाला. "हुबं ऱ्हाऊनच बघा."

मी पाहिलं. कुठंही बोट ठेवायला जागा नव्हती. टेबलावरचा कागद ओढला, 'चित्र सर्व दृष्टींनी निर्दोष आहे' असं लिहिलं, खाली सही केली आणि कागद पेंटरच्या हातात दिला. त्यानं तो सावकाश वाचला.

"अक्षर लई झ्याक हाय तुमचं, सर," तो म्हणाला.