चांगुणाबाईचं सीतादही

उंद्रीच्या बाजारातले भाजीवाले चांगुणाबाईला वचकून असत. वांगं हातात घेऊन ती असं फिरवून पाही, की विकणाऱ्यालाच त्या वांग्याची शरम वाटावी. नवरा गेला तेव्हा तिचा गणेश सहा वर्षांचा होता. "वयनी, वावर मी पायतो, तू घरी राय," असं दीर म्हणाला. तिनं त्याला चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बैल घेऊन वावरात गेली.

त्या भागात कापसाच्या पहिल्या वेच्याआधी सीतादही करतात. कपाशीच्या झाडाशी पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग बोंडाला हात लावायचा. हे सवाष्णीनं करावं अशी रीत. चांगुणाबाईनं पहिल्याच वर्षी ते स्वतः केलं. "कपाशी माह्या हातची, मंग पूजेले हात कोनाचे आनू?" एवढंच म्हणाली. पुढे कोणी विषय काढला नाही.

अशा बाईचं तोंड गेलं वर्षभर जवळजवळ बंद होतं. गावाला वाटे, मुलाच्या दुःखानं.

पूर्वी कपाशी पावसावर येई. बीटीचं बियाणं आलं, आणि बोंडं धरायच्या वेळेला पाणी लागू लागलं. विहिरीत पाणी होतं, पण विजेची लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीचं वावरात कोण जाणार, म्हणून सगळ्यांनी मोटरच्या पेटीत ऑटो बसवून घेतला. तो चालू ठेवला की लाईन येताच मोटर आपोआप सुरू होई. सकाळी तो बंद करायचं काम सून पुष्पांजलीचं. ती तशीही गाईची धार काढायला वावरातल्या गोठ्यावर जाई.

गेल्या नवरात्रात आठवडा रात्रीच्या लाईनचा होता. पुष्पांजली दूध घेऊन परतल्यावर चांगुणाबाई चवळीच्या शेंगा तोडायला गेली. पाहते तर कोपऱ्यातल्या चार ओळींना पाणी पोचलेलं नव्हतं. रात्री लाईन आली की भिजतील, म्हणून तिनं पेटी उघडून ऑटोचा खटका वर केला आणि शेंगांचा ओचा सांभाळत घरी आली. कोणाला सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. चूल पेटवली हे कोणी सांगत फिरतं का?

दुपारी गणेश चिखलीहून मोटरचा वायसर घेऊन परस्पर वावरात गेला. दिवसा लाईन नसते, म्हणून पेटीकडे न बघता तो बसवायला विहिरीत उतरला. त्या दिवशी लाईन दुपारीच आली. वायरची साल एका जागी निघालेली होती.

विहिरीवर माणसं जमली तेव्हा कोणीतरी विचारलं, "ऑटो कोनं चालू ठेवला होता?" पुष्पांजली कपाळ बडवत म्हणाली, "मीच इसरली असन वो, सकाळी मीच इसरली असन."

चांगुणाबाईनं तोंड उघडलं. पण त्यातून नुसता हंबरडा बाहेर पडला. तेरवीपर्यंत ती गोष्ट गावात पक्की झाली होती, आणि तोवर पुष्पांजलीचाही त्या गोष्टीवर विश्वास बसला होता.

मग चांगुणाबाई सुनेशी फार चांगली वागू लागली. साय तिच्या भाकरीवर. जड हंडा स्वतःच्या डोक्यावर. पूर्वी "हे कालवन हाय का धुवन?" म्हणणारी बाई आता अळणी वरण मुकाट्यानं जेवू लागली. सूनही तशीच. आधी ती उलटून म्हणत असे, "धुवन असतं त तुमी दुसऱ्यांदा घेतलं नसतं." आता ती ताटाकडे पाहून जेवे आणि सासूच्या आधी उठे. बायका म्हणत, एवढं होऊनही सुनेला लेकीसारखी ठेवली, अशी सासू शोधून भेटणार नाही. हे ऐकलं की चांगुणाबाई काहीतरी काम काढून आत जाई. रोज ठरवी, आज सांगू. मग पाच वर्षांची नात कार्तिकी मांडीवर येऊन बसे. पुष्पांजली हिला घेऊन माहेरी निघून गेली तर या घरात उरणार कोण? सांगणं उद्यावर जाई.

यंदा पहिल्या वेच्याच्या दिवशी तिनं पूजेचं ताट सुनेच्या हातात दिलं. "यंदा तू कर. माहे गुडघे वाकत नाईत."

वेचायला आलेल्या सात-आठ बायका बांधावर उभ्या होत्या. त्यांत नर्मदाबाई सगळ्यांत मोठी. वीस वर्षं याच वावरात वेचायला येणारी, मनानं वाईट नव्हे. ती म्हणाली, "चांगुणा, तूच कर वो. ज्या हातानं तो ऑटो चालू राह्यला, त्या हातानं पूजा बरी दिसत नाई. राग नोको मानू."

पुष्पांजलीनं ताट खाली ठेवलं. "बरोबर हाय काकू. आत्याबाई, तुमीच करा." तिच्या आवाजात जराही तक्रार नव्हती. भाजीत मीठ कमी आहे हे मान्य करावं तसं ती बोलली.

"तिच्या हातानं नाई राह्यला," चांगुणाबाई म्हणाली. "म्या चालू केला होता."

नर्मदाबाईनं पदर तोंडाला लावला. "सुनेसाठी खोटं नोको बोलू बाई. देवाचं काम हाय."

"खोटं नाई वो."

"आमाले मालूम हाय तुहा जीव किती हाय तिच्यावर."

बाकीच्या बायकांनीही माना हलवल्या. एकीचे तर डोळे भरून आले. वर्षभर चांगलं वागून चांगुणाबाईनं एवढं नाव कमावलं होतं, की आता तिचं खरं कोणी घेईना. ती सुनेकडे वळली.

"पुष्पा, तू त्या दिवशी धार काढून आली. मंग मी कुठं गेलती?"

पुष्पांजली आठवत राहिली. मग हळूच म्हणाली, "शेंगा. चुलीपाशी टोपल्यात चवयीच्या शेंगा होत्या. कोनी निसल्याच नाईत. तेरवीच्या आदी म्या उकिरड्यावर टाकल्या."

"मीच तोडून आनल्या होत्या त्या. तवाच पेटी उघडली."

पुष्पांजलीनं एकच विचारलं, "तुमी उघडली तवा बंद होता?"

"बंद होता माय. खटका खालीच होता. तू बंद करूनच आलती."

पुष्पांजली झाडाजवळ बसली. तिनं ताट ओढून घेतलं, पाच खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, दहीभात ठेवला. कशातही घाई नव्हती. नर्मदाबाईनं वाकून नमस्कार केला आणि कापूस भरायला कमरेला ओटी बांधली. मग सगळ्या वेचायला लागल्या. दिवसभर पुष्पांजली सासूपासून सर्वांत दूरच्या ओळीत होती.

संध्याकाळी घरी आल्यावर ती बोलली. "मी वर्षभर तुमाले तोंड दाखवाले भेत होती."

"मालूम हाय."

"मालूम होतं, अन् साय वाढत होत्या?"

सकाळी पुष्पांजली कार्तिकीला घेऊन नांदुऱ्याला भावाकडे गेली. चांगुणाबाईनं भाकरी बांधून दिल्या आणि "कवा येशीन?" विचारलं नाही. त्या दिवसापासून ती गावातल्या एकेका घरी गेली. ओट्यावर बसायची, पाणी प्यायची आणि सगळं सांगायची. काहींनी समजूत घातली, काहींनी तोंड फिरवलं. दिरानं विचारलं, "आता कायले सांगून राह्यली?" ती म्हणाली, "तिनं वर्षभर आयकलं. आता मी आयकतो."

दहाव्या दिवशी दुपारच्या गाडीनं पुष्पांजली आली. पिशवी खाली ठेवून तिनं घरभर नजर फिरवली. "दुसरा येचा आला असन."

"अर्दा झाला."

"भाऊ म्हने, राय इथंच. माह्यानं राहवलं नाई. ते वावर त्याईचं हाय." नवऱ्याचं नाव न घेता ती एवढं बोलली आणि थांबली. "पन मी पयल्यासारखी बोलन असं नोका समजू. आज त नाईच. मले येळ लागन."

"लागू दे," चांगुणाबाई म्हणाली, आणि झोपाळलेल्या कार्तिकीला तिच्या खांद्यावरून अलगद आपल्याकडे घेतलं. पुष्पांजलीनं घेऊ दिलं.