खुर्चीबाई आणि बोलका दीर

नर्सिंग कॉलेजच्या प्राध्यापिकाबाईंना बहुतेक माणसं तुच्छ वाटत. पण सर्जन या प्राण्याचा त्यांना खास तिटकारा. कॅन्सर वॉर्डात नवख्या नर्स होत्या तेव्हापासूनचा. सर्जन यायचा, पेशंटच्या डोक्यावरून त्याच्या मुलाला सांगायचा, "काढून टाकू," की निघाला पुढच्या पलंगाकडे. पेशंट म्हणजे जणू गाठीबरोबर आलेलं सामान! एक दिवस बाईंनी सर्जनच्या मागे खुर्ची सरकवली. "बसा. आणि ज्याचं आहे त्याला विचारा." त्या खुर्चीपायी बदली झाली, पुढे तिच्यावरच पीएचडी झाली, आणि विद्यार्थिनी पाठीमागे त्यांना 'खुर्चीबाई' म्हणू लागल्या.

घरात त्यांच्या तिरस्काराचा मानकरी धाकटा दीर. धंदा लिलाव पुकारण्याचा. हा इसम मीठसुद्धा बोली लावल्यासारखं मागायचा. त्याच्यापुढे बाईंना आपल्याच घरात एक वाक्य पुरं करता येत नसे. आणि कॅन्सर झाला तो नेमका याच्या स्वरयंत्राला.

तपासण्या झाल्यावर त्याच्या सर्जनने हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्येच बाईंच्या नवऱ्याला गाठलं. "स्वरयंत्र काढू. सोमवारी."

"तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर." मोठा भाऊ शोभला!

बाई खुर्ची घेऊनच आल्या. "आवाज ज्याचा जाणार, तो आत आहे."

"मॅडम, घरचंच माणूस. तुम्हीच समजवा ना."

"समजवायचं नाही, विचारायचंय. चला आत."

सर्जन बसला. बसलेला सर्जन अगदीच किरकोळ दिसतो. त्याने सांगितलं : ऑपरेशनने खात्री जास्त, पण आवाज कायमचा जाणार. किरणं आणि औषधांनी आवाज बहुधा राहील. आजार उलटला तर मात्र ऑपरेशनच, आणि तेव्हा कदाचित उशीर झालेला असेल.

दीर गप्प. जन्मात पहिल्यांदा. मग म्हणाला, "वहिनी, तुम्हीच ठरवा."

बाईंच्या डोळ्यांपुढून शांत जेवणं तरळून गेली. त्यांचं मतही ऑपरेशनच होतं. पण ते अभ्यासातून आलं की जेवणाच्या टेबलावरून, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

"भावोजी, माझं मत नंतर. आवाज गेला तर तुमचं काय जाईल?"

"धंदा जाईल, जाऊ दे," दीर घोगरेपणाने म्हणाला. "पण मी बोलायला लागलो की तुम्ही चिडता, त्यात काय मजा येते हो! हातवारे करून कसं चिडवू तुम्हाला?"

"हे काय कारण झालं?" सर्जन म्हणाला.

"कारण त्यांचं आहे, तुमचं नाही," बाई कडाडल्या.

"आता तुमचं मत सांगा, वहिनी."

"ऑपरेशन."

दिराने लिलाव संपवल्यासारखी पलंगावर थाप मारली. "ऐकलं. तरी किरणंच. उलटला तर मग काढा."

'मूर्ख!' बाई मनात म्हणाल्या, आणि सर्जनला म्हणाल्या, "लिहा."

किरणांच्या वेटिंग रूममध्ये दीर रोज बाकांचा लिलाव पुकारी आणि बाई तोंड वाकडं करून शेजारी बसत. उपचारांनी त्याचा आवाज आणखी बसत गेला, तसं "काय बरळताय, धड ऐकूही येत नाही," म्हणत बाई आपली खुर्ची जवळ ओढू लागल्या.